बारा तास उपाशी

त्या सकाळी मी एका धान्याच्या व्यापाऱ्याला परत पाठवत होते. साखर तपासायला आला होता, बाही वर करून खुर्चीत बसलाही होता, आणि मी नेहमीप्रमाणं विचारलं, सकाळपासून काय काय पोटात गेलंय. “काहीच न्हाई ताई. घोटभर च्या घेतला फक्त.” मी सुईवर झाकण बसवलं. घोटभर असो की किटलीभर, चहा घेतला असेल तर उद्या या, असं सांगितलं. एवढ्याशा चहानं काय व्हतंय, तुम्ही बिलकुल मास्तरणीवाणी करून राह्यल्या, असं पुटपुटत तो जिना उतरला. आमची लॅब जुन्या जालन्यात, एका कापडाच्या ठोक दुकानाच्या माडीवर आहे. खाली दिवसभर ताग्यांची आदळआपट आणि रिक्षांचे भोंगे, वर मी, माझ्या नळ्या आणि भिंतीवरचं घड्याळ. बावीस वर्षं मी इथं लोकांचं रक्त काढते आहे. या बावीस वर्षांत चहा पिऊन आलेल्या माणसाच्या रक्तावर मी कधी ‘उपाशी पोटी’ असं लिहिलेलं नाही, आणि याचा मला गर्व होता. तो उतरत असतानाच फोन वाजला.

फोन पुण्याहून डॉक्टर धर्मराज उगल्यांचा होता. हे मूळचे मंठ्याचे, वय असेल अडतीस, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आहेत. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे २००१ साल लागता लागता, त्यांनी माझ्याकडून एक काम करून घेतलं होतं. ऐंशीच्या पुढं गेलेली पण स्वतःच्या पायानं शेतात जाणारी, गोळी-औषध न घेणारी माणसं गावोगाव शोधायची, त्यांचं सकाळचं उपाशी पोटाचं रक्त घ्यायचं, आणि ते इथल्या चाळिशीतल्या माणसांच्या रक्ताशेजारी ठेवून बघायचं. निरोगी म्हातारपण म्हणजे नेमकं काय, ते रक्तात दिसतं का, हा त्यांचा प्रश्न. मला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं, की चुलीतली राख बघून बाया सांगतात ना, रात्री लाकूड जळालं का कापसाची पऱ्हाटी, तसंच हे. शरीर रोज काहीतरी जाळतं, त्याचे बारीक बारीक अंश रक्तात फिरत राहतात, आणि आता ते मोजणारी यंत्रं आली आहेत. मला ते फार पटलं होतं. बावीस वर्षं मी रक्तात फक्त रोग शोधला होता. बरं असण्याची खूण शोधायला मला कोणी सांगितलंच नव्हतं.

“ताई, बसलात का? बसा आधी,” डॉक्टर म्हणाले. आवाज असा की माणूस उभ्यानंच नाचत असावा. “बारा तास उपाशी राहिलं की कुणाचंही शरीर आपली साठवलेली चरबी जाळायला घेतं. त्याची राख रक्तात दिसायला पाहिजे. जालन्याच्या साठ जणांत ती दिसते, तुमच्यासकट. पण तुमच्या एकशे बारा म्हाताऱ्यांत ती जवळजवळ नाहीच. बारा तास पोटात काही नाही, आणि त्यांच्या शरीराला उपास जाणवलेलाच नाही. असं मी कुठं वाचलेलं नाही. सोमवारी हैदराबादला परिषदेत मांडतोय. निबंधावर माझ्यानंतर लगेच तुमचं नाव आहे.” मी म्हणाले, वा डॉक्टर. आणखी दोनतीनदा वा म्हणाले. फोन ठेवून वळले तर तो व्यापारी पुन्हा दारात. पिशवी विसरली होती. पिशवी घेता घेता त्यानं शेवटचा प्रयत्न केला. “खरंच घोटभर व्हता, ताई.” तो गेला आणि मी खुर्चीत बसले, त्याच्याच खुर्चीत. मला अंतरवालीतली एक बशी दिसत होती.

जानेवारीतली सकाळ होती. डॉक्टरांनी भाड्यानं घेतलेली जीप, गाडीवर संपत नावाचा ड्रायव्हर, मांडीवर बर्फाचा डबा. अंतरवाली सराटीत पोचलो तेव्हा सहा वाजले होते. कापसाची शेवटची वेचणी चाललेली, चौकातल्या हॉटेलचा स्टोव्ह नुकता पेटलेला. संपत तिथंच उतरला आणि मी यादीतल्या पहिल्या घरी गेले. चतुराबाई. वय माहीत नाही. वय काढायची आमची पद्धत ठरलेली होती, रझाकाराच्या टायमाला, म्हणजे अठ्ठेचाळीस सालच्या आसपास, तुम्ही केवढ्या होतात असं विचारायचं. “तव्हा आम्ही ज्वारीत लपून राह्यलो व्हतो,” चतुराबाई म्हणाली, “माझं तिसरं लेकरू पोटात व्हतं. ते खोकू नये म्हणून मीच तोंडात पदर धरून बसले व्हते. पोटातलं लेकरू खोकतंय व्हय, पर भ्या लई.” मी हिशोब करून त्र्याऐंशी लिहिलं. रात्रीपासून काही खाल्लं का? “न्हाई बाई. तू सांगून ठिवलं व्हतंस ना.” किती तास झाले? काल दिवे लागले तेव्हा भाकरी खाल्ली. मी लिहिलं, बारा तास. तेवढ्यात सुनेनं माझ्यासाठी चहा आणला, शेळीच्या दुधाचा, गुळाचा. मी नको म्हणाले. चतुराबाईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिच्या घराचा उंबरा ओलांडायलाच नकार दिला. पाव्हणी पाण्याशिवाय, च्याशिवाय आमचं रगत घिऊन जाणार? मी कप घेतला. मग तिनं बशी पुढं केली. पाहुण्याला एकट्याला चहा पिऊ द्यायचा नाही, ही तिकडची रीत. घरातल्या मोठ्या माणसानं त्याच्याच कपातला थोडा आपल्या बशीत ओतून घ्यायचा, म्हणजे पाहुणा परका राहत नाही. मी ओतला. तिनं दोन्ही हातांनी बशी धरून फुरका मारला. आम्ही अर्धा तास बोललो. त्यानंतर मी तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला.

एकशे बारा घरांत हेच झालं. बायनाबाईनं बशी घेतली नाही, तिनं वाटी आणली. मंठ्याकडच्या एका आजोबांनी घोट घेऊन उरलेलं कुत्र्याला घातलं. कुठं गूळ, कुठं साखर, कुठं दूध नसलेला काळा चहा. एवढं मला आठवतं. म्हणजे मी ते बघत होते. बघत असताना कागदावर बारा तास लिहीत होते, आणि एकदाही माझा हात अडखळला नाही. इथं, या माडीवर, मी घोटभर चहासाठी माणसाला दोनदा जिना चढायला लावते. मग तिकडं मला काय झालं होतं? खाल्लं का, असं मी विचारलं, त्यांनी नाही सांगितलं, ते खरं बोलले, मी खरं लिहिलं, असं म्हणून मी सुटू शकले असते. दुपारभर तसा प्रयत्न करून पाहिला. पण मी काही शाळेतली पोर नाही. मला माहीत होतं का? माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही आणि माहीत होतं असंही धड म्हणता येत नाही. ते माहीत असणं मी जीपमध्येच ठेवून उतरत होते, चपला दाराबाहेर काढून ठेवाव्यात तसं.

त्याचं कारण मला चारच्या सुमारास कळलं, नळ्या धुताना. मला त्या बायांबरोबर चहा प्यायचा होता. एवढंच. आमच्या घरात म्हातारी बाई कधी नव्हती. आईची आई मी पाहिली नाही, ती तरणीच गेली म्हणायचे. मावशी गेली तेव्हा तिच्या वेणीत अजून काळा केस जास्त होता. आणि आई. दुसऱ्यांच्या घरी गेलं की ओसरीवर एखादी पिकली बाई असायची, पाय पसरून, शेंगा फोडत, कोण आलं कोण गेलं त्यावर बारीक नजर ठेवून. मी लहानपणी त्या बायांकडं बघत बसायची. म्हातारपण ही मला दुसऱ्या घरांमध्ये असणारी वस्तू वाटायची, जसा कुणाकडं रेडिओ असतो. आणि या हिवाळ्यात अचानक एकशे बारा घरांनी मला त्याच्या शेजारी बसवून घेतलं, वर माझ्याच कपातला चहा मागितला. आधी सुई टोचायची आणि मग पाहुणी म्हणून बसायचं, हे मला नको होतं. आधी बसायचं होतं. बावीस वर्षांची शिस्त मी त्यासाठी मोडली आणि मोडलेली मला कळली नाही, किंवा कळू दिली नाही.

आई १९८१ च्या मार्गशीर्षात गेली. कापूस वेचत होती, दंड दुखतोय म्हणाली, बांधावर बसली आणि बसल्या जागी कलली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, लॅबमध्ये लागून दोन वर्षं झाली होती, हाताला स्पिरिटचा वास येत होता आणि त्या हातांचा काही उपयोग झाला नाही. खिडकीतल्या कारकुनानं वय विचारलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, वर छताकडं बघितलं आणि म्हणाले, “लिवा पंचेचाळीस.” ते पंचेचाळीस माझ्या अंगात रुतून बसलं. मग आजीचं, मावशीचं वयही मी आपसूक पंचेचाळीसच्या आसपास आणून ठेवलं. आमच्या घरातल्या बाया तिथपर्यंतच जातात, असं मी कुणाला बोलून दाखवलं नाही, फक्त त्याप्रमाणं वागत आले. मी मोठं लोणचं घालत नाही. झाड लावत नाही. मागच्या दिवाळीत इस्त्री घ्यायला गेले, दुकानदार म्हणाला, पाच वर्षांची गॅरंटी आहे ताई, आणि मी मनात म्हटलं, कुणाची? शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जून आहे, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. येत्या एक जूनला मला पंचेचाळीस पूर्ण होत होती. मे महिना अर्धा सरला होता.

म्हणून त्या निबंधावरचं नाव मला हवं होतं. फार हवं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मूल झालं नाही. घर भाड्याचं. माझ्या हातून गेलेल्या हजारो नळ्या दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा वापरल्या गेल्या. हे एक काम असं होतं की मी नसताना कुणीतरी, कुठल्यातरी शहरात, उघडून वाचलं असतं, निरोगी म्हातारपणाविषयी, उगले आणि प्रभावती. जिच्या घरात म्हातारपण आलं नाही तिचं नाव त्यावर. मला त्यात मजा वाटायची आणि डोळ्यांत पाणीही यायचं. आता ते सगळं चहावर उभं होतं. सांगितलं तर डॉक्टरांचा शोध गेला, नाव गेलं, आणि सगळं पुन्हा करायचं म्हटलं तर पुढच्या हिवाळ्यावर गेलं, कारण उन्हाळ्यात बर्फ टिकत नाही आणि पावसाळ्यात तिकडचे रस्ते. पुढचा हिवाळा म्हणजे माझ्या हिशोबाच्या पलीकडचा. न सांगितलं तर सोमवारी डॉक्टर शंभर माणसांसमोर उभं राहून सांगतील की मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना भूक जाणवत नाही. ज्या माणसांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, त्यांना. मला हसू आलं आणि मग स्वतःची शिसारी आली.

बद्रीनाथ, माझा नवरा, एसटीत कंडक्टर आहे. संध्याकाळी ड्युटीवरून आला, तोंड धुतलं, पाटावर बसला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, “काय झालं?” मी सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत होता. “मंग सांगून टाक त्याला,” तो म्हणाला. मी म्हणाले, एवढं सोपं आहे का. “सोपं न्हाई. पर तू सांगणार हायेस हे तुला बी ठाऊक हाये, मला बी. मंग मला काहून विचारून राह्यली?” मी म्हणाले, एक वर्ष जाईल. “जाऊ दे की.” त्याला पंचेचाळीसची ती गोष्ट मी कधी सांगितली नव्हती, पण वीस वर्षं ज्याच्या ताटात वाढतो त्याला सांगावं लागत नाही. त्यानं वरण ओढून घेतलं. “तुझ्या हिशोबानं मी एक जूननंतर दुसरं लगीन कराया मोकळा,” तो म्हणाला, “पोरगी बघून ठिवू का जल्दी जल्दी?” मला राग यायला हवा होता. मी इतकी हसले की ठसका लागला. पाणी पुढं करताना मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, “तुझ्या आईचं वय कोणी मोजलं व्हतं गं?”

त्यावर मी झोपेपर्यंत विचार करत राहिले. एकशे बारा माणसांना मी विचारलं, रझाकारात केवढ्या होतात, पहिलं मूल कधी, लग्नात उंची केवढी होती, आणि त्यावरून त्यांची वयं काढली. आईला कुणी विचारलं नव्हतं. आबांनी छताकडं बघून सांगितलं होतं. छतावर काय होतं? एक पंखा होता. आई एकेचाळीसची असेल किंवा पन्नासची, बावन्नचीही असेल. आबाही आता नाहीत. मी अंधारात आईला प्रश्न विचारून पाहिले. पोलीस ॲक्शनच्या वेळी तू केवढी होतीस? कळती होतीस का, पाणी भरत होतीस का? उत्तर येणार नव्हतंच. पण वीस वर्षांत पहिल्यांदा तो आकडा जागचा हलला. हलला म्हणजे नाहीसा झाला असं नाही, भीती काही नुसत्या आकड्याच्या आधारानं राहत नाही. फक्त तिला टेकायला भिंत उरली नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं अंबडला, तिथून काळ्या-पिवळ्या जीपनं अंतरवालीला गेले. आधी खात्री करून घ्यावी आणि मग डॉक्टरांना कळवावं, असं मी स्वतःला सांगितलं. खात्री कसली करायची होती? मला तोंड द्यायला थोडा वेळ हवा होता आणि तो वेळ मला तिथं घालवायचा होता. शेतं नांगरून उघडी पडलेली, ढेकळं तापलेली, चौकात दोन माणसं पेपर वाचत बसलेली. चतुराबाई सावलीला सरकी निवडत होती. मला बघून तिनं नाव आठवायचा प्रयत्न केला नाही, सरळ म्हणाली, “रगतवाली आली.” मी तिच्याजवळ बसले. म्हणाले, आजी, त्या दिवशी रक्त द्यायच्या आधी तुम्ही माझ्या कपातला चहा घेतला होता.

“मंग? तू काय एकटी पेणार व्हतीस?”

मी तिला सांगितलं. उपाशी पोटीचं म्हणून घेतलेलं रक्त तसं नव्हतं, तुमच्या एकटीचं नाही, सगळ्यांचंच, चूक माझी आहे, पुण्याचे डॉक्टर त्यावरून भलतंच समजून बसलेत. तिनं सरकी निवडणं थांबवलं नाही. तिला अपराधी वाटेल याची मला धास्ती होती. तिला तसं काही वाटलं नाही. “म्हंजी च्या पोटात गेल्ता म्हणून रगत बदललं?” बदललं. “एवढ्यात?” एवढ्यात. “बशीभर च्यानं?” हो. तिनं आपल्या दंडाकडं बघितलं, सुरकुतलेल्या, उन्हानं काळ्या पडलेल्या दंडाकडं, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक आलं. “मला वाटलं व्हतं, आता आतमधी समदं झोपलं आसंन,” ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, “एवढी शिकलेली तू. आदी रगत घ्यायचं आन मंग च्या पेयचा, हे तुला सुचलं न्हाई?” नाही सुचलं, मी म्हणाले. का नाही सुचलं ते सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या पुढ्यातली मूठभर सरकीच उचलली. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्या घरात म्हातारी बाई नव्हती, मी एवढंच म्हणू शकले. “मंग बस की,” ती म्हणाली, “कोण उठ म्हणतंय.” आम्ही दोघींनी मिळून उरलेली सरकी निवडली.

चौकात हॉटेलला लागून फोनचा बूथ होता. काचेच्या डब्यात भयंकर उकडत होतं. डॉक्टरांनी स्वतःच फोन उचलला. मी म्हणाले, डॉक्टर, सोमवारी ते वाचू नका. आणि मग थांबले नाही, रीत, कप, बशी, एकशे बारा घरं, सगळं एका दमात सांगून टाकलं. बूथमधल्या आकड्यांचं यंत्र तेवढं पुढं सरकत होतं. “सगळ्यांनी?” सगळ्यांनी. “तुम्ही फॉर्मवर बारा तास लिहिलंय.” लिहिलं. लिहिताना खोटं वाटलं नाही, पण खोटंच आहे ते. “मी तिथं उभा राहून…” असं म्हणून ते थांबले. मला वाटलं आता फोन ठेवतील, आणि ठेवला असता तरी माझी काही तक्रार नव्हती. खांद्यावरचं ओझं उतरलं होतं.

“मंठ्याकडं आमच्या घरी पण असंच करतात,” डॉक्टर शेवटी म्हणाले, हळूच. “माझ्या वडलांनी मी आणलेल्या प्रत्येक मित्राच्या कपातला चहा घेतलाय. आणि मी तुम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही, की आधी रक्त घ्या.” मग त्यांनी विचारलं, “गूळ होता का साखर?” मी सांगितलं, अंतरवालीकडं गूळ, मंठ्याकडं साखर. “दूध?” बहुतेक शेळीचं, काही ठिकाणी नाही. “चहा झाल्यावर किती वेळानं टोचलं?” वीस-पंचवीस मिनिटांनी, काही बाया जास्त बोलायच्या. कागदावर पेन फिरल्याचा आवाज येऊ लागला. “म्हणजे ऐंशी पार केलेल्या शरीरानं वीस मिनिटांत एवढ्याशा गोडाला बराबर प्रतिसाद दिला,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. “चाळिशीतला माणूस तरी देईल का एवढ्या चटकन? माहीत नाही. त्याला चहा पाजून कुणी बघितलंच नाही. दोन्ही बघायला पाहिजे, उपाशी आणि बशीनंतर. दोघांनाही.” आवाज पुन्हा वर चढायला लागला होता. हैदराबादला आपण आजारी असल्याचं कळवू, असं म्हणाले, मग लगेच म्हणाले, नाही, खरं काय ते कळवतो.

“पण ताई, एकदा घेऊन भागायचं नाही,” ते पुढं म्हणाले. “माणूस निरोगी म्हातारा कसा होत जातो ते एका सकाळी कळणार नाही. त्याच माणसांकडं दर हिवाळ्यात जायचं. निदान तीन वर्षं. २००४ पर्यंत. दुसरं कुणी गेलं तर ती माणसं दंड पुढं करणार नाहीत, तुम्हीच पाहिजे. जमेल?” काचेच्या बाहेर हॉटेलवाला ग्लास विसळत होता, एक बैलगाडी चौकातून वळत होती. २००४ म्हणजे मी अठ्ठेचाळीस वर्षांची. या वयाचा चेहरा मी स्वतःचा म्हणून कधी डोळ्यांपुढं आणला नव्हता. आणायचा प्रयत्न केला. चष्मा असेल, कानशिलं पांढरी झालेली असतील, जीपमधून उतरताना गुडघ्यावर हात ठेवावा लागेल. तो चेहरा मला आवडला. नेहमीची भीती होतीच आणि आनंदही, दोन्ही एकत्र होतं. जमेल, मी म्हणाले. डॉक्टरांनी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाले.

गाडीला वेळ होता म्हणून मी परत चतुराबाईच्या घरी गेले. ती आता भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मी सांगितलं की सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं ठरलंय, येत्या थंडीत, आणि त्याच्या पुढच्या थंडीत, आणि त्याच्याही पुढच्या. तुम्हाला तीन वर्षं त्रास आहे. तिनं मनातल्या मनात काहीतरी मोजलं. बहुधा पोत्यात किती दाणे उरलेत, नातवाचं लग्न कोणत्या साली धरलंय, शेळी कधी विणार, असलं काहीतरी, कारण मोजताना तिची बोटं हलत होती आणि चेहरा निवांत होता. मग तिनं मान वर केली आणि मला नीट न्याहाळून बघितलं.

“मी तर हाये,” ती म्हणाली. “तू असशीन का, तेवढं सांग.”

“असेन,” मी म्हणाले.